जंतुजन्य सेल्युलोज

काही सूक्ष्मजंतूंनी शर्करेपासून तयार करून कोशिकेबाहेर टाकलेले सेल्युलोज. याचे रासायनिक संघटन वनस्पतिजन्य सेल्युलोजासारखेच असते. दोन्हींत ग्लुकोजाचे घटक एका ओळीत जोडलेले असतात. मात्र लाकडातील सेल्युलोज लिग्निन व हेमिसेल्युलोज यांच्याशी निगडित असून ते अलग करण्यास तीव्र रसायने व पुष्कळ ऊर्जा लागते. जंतुजन्य सेल्युलोजात ही द्रव्ये नसल्याने ते सौम्य प्रक्रियेने शुद्ध करता येते. वृक्षतोड न करता मिळणारे सेल्युलोज म्हणून त्यास महत्त्व आले आहे.

व्हिनेगर बनविणाऱ्या द्रवावर सायीसारखे चिवट पटल धरते. ते सेल्युलोजाचे असल्याचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एड्रियन जॉन ब्राउन यांनी १८८६ मध्ये दाखविले. त्याची निर्मिती करणारा जंतू दीर्घकाळ ॲसिटोबॅक्टर झायलिनम या नावाने ओळखला जाई. हल्ली त्याचा समावेश कोमागाटाईबॅक्टर या प्रजातीत करतात.

निर्मिती : सुमारे २% ग्लुकोज व नायट्रोजनयुक्त पोषक द्रव्ये असलेले माध्यम पसरट भांड्यांत घेऊन २८°–३०° से. तापमानास न ढवळता ठेवतात. जंतूंना ऑक्सिजन आवश्यक असल्याने पटल पृष्ठभागी वाढते व एक-दोन आठवड्यांत जाड होते. ते विरल सोडियम हायड्रॉक्साइडात तापवून जंतू व प्रथिने काढून टाकतात आणि पाण्याने धुतात. ओल्या पटलाच्या वजनाचा सुमारे ९९% भाग पाण्याचा असतो. त्यातील तंतू अतिसूक्ष्म असूनही पटल बळकट असते.

उपयोग : फिलिपीन्समध्ये नारळाच्या पाण्यापासून ‘नाता दे कोको’ हा खाद्यपदार्थ याच पद्धतीने बनवितात. भाजलेल्या जखमांवरील आच्छादने व ध्वनिक्षेपकांचे पडदे यांसाठीही हे सेल्युलोज वापरण्यात आले आहे.

मर्यादा : जंतू ग्लुकोजाच्या काही भागाचे ग्लुकॉनिक अम्ल बनवितात. त्यामुळे माध्यमाची अम्लता वाढून उत्पादन घटते. स्थिर संवर्धनास जागा व वेळ पुष्कळ लागतो, तर माध्यम ढवळल्यास पटलाऐवजी गोळे बनतात व सेल्युलोज न बनविणारे उत्परिवर्तित जंतू वाढतात. शिवाय शुद्ध साखर वापरल्यास तिच्या पिकासाठी जमीन, पाणी व खते खर्ची पडतात. म्हणजे जंगलावरील भार शेतीवर जातो. यास्तव साखर कारखान्यांतील मळी, फळांचा चोथा, खोबऱ्याच्या उद्योगात वाया जाणारे नारळाचे पाणी यांसारखी दुय्यम द्रव्ये वापरण्यावर भर दिला जातो. ही निर्मिती पर्यावरणास कितपत हितकारक ठरते, हे कच्चा माल तसेच धुण्याचे पाणी व वाळविण्याची ऊर्जा यांच्या काटकसरीवर अवलंबून असते.