श्वासाला गोडसर वास येतो तेव्हा

तोंडाला वास येतो म्हटलं की आपण दात, हिरड्या, कांदा-लसूण, मिश्री यांना दोष देतो. पण एक वास रक्तातून श्वासात येतो. जास्त पिकलेल्या फळासारखा, किंवा नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. त्याचं नाव ॲसिटोन.

तो येतो कुठून? खाल्लेल्या भाकरीची पोटात साखर होते. ती रक्तातून पेशींमध्ये शिरायला इन्शुलिन लागतं. इन्शुलिन नसलं की साखर रक्तात तुंबते, पेशी उपाशी राहतात. कणगी भरलेली, पण घरात चूल थंड! मग शरीर चरबी जाळतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं होतात आणि त्यांच्यापासून बनलेलं ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं.

कडक उपवासातही थोडा असा वास येतो. अंगात इन्शुलिन पुरेसं असेल तर ते आम्लाला आवर घालतं. नसेल तर आम्ल वाढतच जातं आणि श्वास खोल, जोरजोरात चालतो. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७४ मध्ये या श्वासाचं वर्णन केलं, तेव्हा इलाज नव्हता. १९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला इन्शुलिन दिलं गेलं.

आता श्वासातलं ॲसिटोन मोजणारी यंत्रंही निघालीत. पण ॲसिटोन म्हणजे साखर नव्हे. साखर वाढलेल्या कितीतरी बायांच्या श्वासाला वास येतच नाही, आणि हा वास प्रत्येक नाकाला कळतोच असंही नाही. म्हणून बोट टोचून रक्त तपासायला पर्याय नाही.

लहान मुलांत हा आजार फार फसवा. मूल सारखं पाणी मागतं, अंथरूण ओलं करतं, वाळत जातं. मग उलट्या, पोटदुखी. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं, दृष्ट लागली. दृष्ट काढायची तर काढा, पण गाडीत बसल्यावर! दवाखान्यात रक्तातली साखर आणि लघवीतले कीटोन तपासायला सांगा. धाप किंवा गुंगी असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

आणि ज्यांचं इन्शुलिन चालू आहे त्यांनी ताप आला, जेवण जात नाही, म्हणून ते मनाने बंद करू नये. आजारपणात त्याची गरज बहुधा वाढते. डोस किती घ्यायचा, ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.