गोसीखुर्दच्या पाण्यातली अदृश्य वस्ती

नागपूरचं सांडपाणी घेऊन नागनदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते आणि सगळं पाणी पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपाशी अडतं. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणावर धानाची शेती आणि ढिवरांची मासेमारी अवलंबून आहे. पाण्याचा रंग बदलला, वास सुटला की काठावरच्या माणसाला लगेच कळतं. पण त्यात कोणते जिवाणू वाढलेत, हे कळायला प्रयोगशाळाच गाठावी लागते.

अशी प्रयोगशाळा नागपुरातच आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नीरी’त, हेमंत पुरोहित यांच्या पुढाकाराने पर्यावरणीय जनुकशास्त्राचं काम उभं राहिलं आणि सांडपाण्याच्या गाळातले जिवाणू डीएनएवरून ओळखले जाऊ लागले.

पूर्वी जिवाणू ओळखायचे तर ते काचेच्या बशीत वाढवावे लागत. निसर्गातले बहुतेक जिवाणू तिथे वाढतच नाहीत, म्हणून ते नोंदीतूनच सुटायचे. आता पाणी ०.२२ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळतात. पडद्यावर अडकलेल्या पेशी फोडून डीएनए वेगळा काढतात, त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकांना ओळखीची छोटी साखळी जोडतात. हे तुकडे काचेच्या पट्टीवर चिकटतात. मग डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी एकेक रंगीत अक्षर जोडलं जातं, कॅमेरा दर वेळी चमक टिपतो आणि संगणक त्या चमकांची ओळ लावतो. १९७७ साली फ्रेडरिक सँगर यांनी दिलेल्या पद्धतीने एका वेळी काहीशे अक्षरं वाचता येत. आजची यंत्रं कोट्यवधी तुकडे एकदम वाचतात. नॅनोपोरचं यंत्र तर मुठीत मावतं. सूक्ष्म छिद्रातून डीएनए सरकताना विजेचा प्रवाह बदलतो, त्यावरून ते अक्षर ओळखतं.

या वाचनातून जिवाणूंची नावं तर मिळतातच, शिवाय औषधांना दाद न देण्याची ताकद देणारी जनुकंही सापडतात. शहरी सांडपाणी येणाऱ्या जलाशयासाठी ही माहिती मोलाची आहे. मात्र मेलेल्या जिवाणूचा डीएनएही यंत्र वाचतं. धोका जिवंत आहे का, हे ठरवायला बशीतली जुनी चाचणी सोबत हवीच.

शिवाय एकाच वेळच्या नमुन्यावर थांबू नये. आंभोऱ्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंत ठरावीक ठिकाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी पाणी घ्यावं. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्यावरच पाणी सुधारतंय की बिघडतंय, हे सांगता येईल. आणि तो अहवाल सोप्या मराठीत काठावरच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागला पाहिजे. जे हे पाणी वापरतात, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.