मूर्तीचे वय आणि जळका दाणा

जुन्या देवळाच्या जीर्णोद्धाराची चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतेच, "मूर्तीचे कार्बन डेटिंग करून घ्या, वय कळेल." पाषाणाच्या मूर्तीचे वय असे कळत नाही. सोन्याच्या दागिन्याचेही नाही. कार्बन-१४ हवेतून सजीवांत येतो आणि सजीव मेला की त्याची आवक थांबते आणि आहे तो क्षय पावत जातो. म्हणून तपासता येतात ती लाकूड, कोळसा, धान्य, हाड, सुती कापड यांसारखी द्रव्ये. तीही साधारण ५० हजार वर्षांपर्यंतचीच. डायनोसॉर इथे बादच.

दुसरा गैरसमज ही मोजणी करणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे ॲक्सिलरेटरविषयी आहे. ॲक्सिलरेटर म्हटले की अणू फोडणारे अवाढव्य यंत्र डोळ्यांपुढे येते. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये या कामासाठी ५ लाख व्होल्टचे यंत्र आहे. त्याचे काम अणू निवडून मोजण्याचे. १९४९ मध्ये विलर्ड लिबी यांनी ही पद्धत आणली, तेव्हा कार्बन-१४चे अणू क्षय पावण्याची वाट पाहावी लागे. आजच्या काळातल्या १ मिलिग्रॅम कार्बनमध्ये त्याचे सुमारे ६ कोटी अणू असतात, पण तासाभरात त्यांतला सरासरी एकही फुटत नाही! म्हणून तेव्हा नमुना ग्रॅमांत लागे. १९७७ पासून अणूच थेट मोजता येऊ लागले आणि एक मिलिग्रॅम कार्बन पुरू लागला.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट नायट्रोजनची आहे. नायट्रोजन-१४चे वजन कार्बन-१४इतकेच, आणि तो सगळीकडे भरलेला. एका कार्बन-१४मागे साध्या कार्बनचे जवळजवळ लाख कोटी अणू असतात. त्यात हा तोतया शिरला तर मोजणी संपलीच. पण नमुन्यापासून बनवलेल्या ग्राफाइटमधून ऋण आयन काढले जातात आणि नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही. तोतया दारातच गळतो. त्याच वजनाचे रेणू पुढे वायूच्या नळीत आदळून फुटतात.

यंत्र शेवटी साल छापते, हेही खरे नाही. मिळते ते केवळ कार्बन-१४ आणि साध्या कार्बनचे गुणोत्तर. हवेतला कार्बन-१४ शतकागणिक कमीजास्त होत आला, म्हणून झाडांच्या वलयांवरून बेतलेल्या आलेखाशी ते ताडावे लागते. १६५० ते १९५० या काळात तो आलेख इतका वरखाली होतो की एकाच मापाला दोन-तीन कालखंड जुळतात. पेशवाईतल्या वाड्याचे नेमके वर्ष या पद्धतीकडे मागू नये, ते दप्तरात शोधावे.

शिवाय तुळईच्या गाभ्याचे लाकूड वाडा बांधण्याच्या कितीतरी आधी वाढलेले असते. वाड्याचेच काय, हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीतल्या खांबाचेही तेच. तिथे चुलीतला जळका दाणा मोलाचा, कारण तो एकाच हंगामाचा असतो. तो सापडला तर कापसात किंवा कागदात बांधू नये, कारण त्यांचा कार्बन आजचा. त्याला गोंद किंवा लाख लावू नये. स्वच्छ चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवावा आणि कोणत्या थरात मिळाला ते तिथेच लिहून ठेवावे.