अग्नीवांचून मिष्टान्न

आमच्या जवळा बाजारांत आश्विन महिना लागला कीं सीताफळें येऊं लागतात. तीं हातानें फोडून खावयाचीं, एवढाच त्यांचा उपयोग आमच्या घरीं ठाऊक होता. अनेक वर्षांपूर्वीं आजीनें पाहुण्यांसाठीं सीताफळाचा गर दुधांत घालून चुलीवर आटवावयास ठेविला होता. सारी खीर कडू झाली, व पाहुण्यांपुढें गूळ-पोळी ठेवावी लागली. तेव्हांपासून ‘या फळाचें गोड होत नाहीं’ असा तिनें नियमच करून टाकिला.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही सर्व मंडळी एका संध्याकाळीं परभणीस गेलों असतां वडिलांनीं सीताफळाचें पॉट आइस्क्रीम मागविलें. आजीनें आपली वाटी बाजूस सारिली. दुकानदार समोरच लाकडी बादलीवरील दांडा फिरवीत होता. तो बर्फावर मुठीमुठीनें जाडें मीठ टाकीत आहे, हें पाहून धाकटी बहीण ओरडली, “अहो, आइस्क्रीम खारट होईल ना!”

शंका रास्त होती. परंतु मीठ दुधांत जात नाहीं. दूध आंतल्या झांकणाच्या डब्यांत असतें, व बर्फ आणि मीठ त्याच्या भोंवतीं. साखर घातलेलें दूध शून्य अंशाच्या खालीं गेल्याशिवाय गोठत नाहीं. म्हणून नुसत्या बर्फांत डबा रात्रभर ठेविला तरी आइस्क्रीम होणार नाहीं. बर्फाच्या पृष्ठावर पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यांत मीठ विरघळतें, आणि खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. त्यामुळें बर्फ शून्याखालींही वितळत राहतो. वितळण्यास उष्णता लागते. ती त्यानें आणावी कोठून? डब्यांतील दुधापासून तो ती हिरावून घेतो. तीन भाग बर्फास एक भाग मीठ घातलें, तर तें मिश्रण शून्याखालीं सुमारें २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. दांडा फिरविला म्हणजे कडेस गोठलेला थर पात्यांनीं खरवडला जातो, बर्फाचे कण बारीक राहतात, व थोडी हवाही मिसळते. कुल्फी फिरवीत नाहींत, म्हणून ती इतकी घट्ट.

या फिरत्या दांड्याच्या यंत्राचें पेटंट १८४३ सालीं अमेरिकेंत नॅन्सी जॉन्सन या बाईंनीं घेतलें. सीताफळही मूळचें अमेरिका खंडांतलेंच! दोघांची गांठ परभणीच्या रस्त्यावर पडलेली पाहून मला मोठी मौज वाटली.

आतां आजीची अडचण. गर तापविला कीं कडवटतो, हें तिचें म्हणणें अगदीं खरें. म्हणूनच दूध व साखर आधीं आटवून पूर्ण निववितात, आणि बिया काढलेला गर त्यानंतर मिसळतात. पुढें डबा बर्फांतच असतो. गरास विस्तवाची आंच अशी कधीं लागतच नाहीं.

दुकानदार हें सांगत असतां आजी कान देऊन ऐकत होती. मग तिनें चमचा उचलला. दुसरी वाटी संपेपर्यंत ती कांहींच बोलली नाहीं. निघतांना मात्र तिनें त्यास विचारलें, “लेकरा, मीठ साधें चालतें, कीं जाडेंच लागतें?”