भद्रच्या वाटेवर एक देवनागरी पाटी

सह्याद्रीतले गड पालथे घातलेला मराठी माणूस अहमदाबादेत भद्र किल्ला पाहायला गेला, की हमखास विचारतो, ‘किल्ला आहे कुठे?’ चढण नाही, माची नाही. लाल दरवाजाला बसमधून उतरायचे, ओढण्या आणि चपला मांडून बसलेल्या पाथरणावाल्यांमधून वाट काढायची, की दोन दणकट गोल बुरूज एकदम समोर उभे राहतात.

सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये साबरमतीकाठी शहर वसवले ते या किल्ल्यापासूनच. महमूद बेगड्याने 1487 मध्ये सगळ्या शहराभोवती तट घातला. तो तट आता बहुतांशी गेला. दरवाजे मात्र गर्दीत अजून उभे आहेत.

किल्ल्याला लागून असलेली सराई 1637 ची. ती बांधणारा मोगल सुभेदार आझमखान इतका बांधकामवेडा, की लोक त्याला ‘उधई’, म्हणजे वाळवी, म्हणत. (वारुळे पाहिलेल्या कुणालाही ही उपमा पटेल.) पुढे मराठ्यांच्या अमलात याच सराईत भद्रकालीचे मंदिर झाले. इंग्रजांनी सराईचा तुरुंग केला. किल्ल्याच्या मनोऱ्यातले घड्याळ 1849 मध्ये लंडनहून आले आणि 1878 मध्ये बसवले गेले. वेळ दाखवण्यासाठी आणलेल्या वस्तूने 29 वर्षे वाट पाहिली!

मराठी वाचकाने खरे थांबावे ते पुढे, तीन दरवाजापाशी. किल्ला आणि ही तीन कमानींची वेस यांच्यामधल्या बादशाही मैदानात आज बाजार भरतो. राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी 1753 मध्ये शहर घेतले. तेव्हापासून इंग्रज येईपर्यंतची सहा दशके इथे बहुतेक काळ मराठ्यांचा शब्द चाले. त्या काळाची एक पाटी वेशीवर आहे, तीही देवनागरीत. 10 ऑक्टोबर 1812 चा हा हुकूम मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा. बापाच्या मालमत्तेतला वाटा मुलीला विनाअडथळा मिळावा; हे मोडणाऱ्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा, असा त्याचा आशय. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देशभर मिळाला तो 2005 च्या दुरुस्तीने. सुभेदाराच्या हुकमाची प्रत्यक्षात किती अंमलबजावणी झाली, हे दगड सांगत नाही; पण तो दगडावर कोरून भर रहदारीत लावावासा वाटला, एवढे तर दिसतेच.

याच वेशीत एक दिवा तेवतो. लक्ष्मी शहर सोडून निघाली असता कोतवालाने तिला अडवले, सुलतानाची परवानगी आणेपर्यंत थांबण्याचे वचन घेतले आणि परत जाऊन स्वतःचे शिर उतरवले, अशी आख्यायिका आहे. तेल-वातीचे काम एका मुसलमान कुटुंबाकडे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. परवानगी काही आलेली नाही. लक्ष्मी अजून थांबली आहे, असे बाजारातले दुकानदार मानतात.