पंचांग, काठी आणि समुद्रकाठ

लांबच्या प्रवासाला निघायचे ते संसाराचे पाश सैल झाल्यावर, अशी आपल्याकडची जुनी रीत. मुलींची लग्ने उरकली, मुलगा हाताशी आला, की घरातली वडील मंडळी काशीला निघत. आणि सुखरूप परत येण्याची हमी त्यांच्याकडे कोणी मागत नसे. आजही आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट दर आषाढीला पायी तुडवणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसे काही थोडीथोडकी नसतात. असे असताना साठी उलटलेल्या गृहस्थाने, "चार दिवस समुद्रकाठाने पायी हिंडून येतो," असे नुसते म्हणावे, की घरात एकदम शांतता पसरते. देवासाठी चाललेले लोकांना समजते. नुसते चालण्यासाठी चालणे, आणि तेही या वयात, म्हणजे थेर वाटते!

माझी आत्या सदुसष्ट वर्षांची आणि आतोबा एकाहत्तरचे. ती दोघे, आत्याची एक निवृत्त मुख्याध्यापिका मैत्रीण आणि ओझी वाहण्यापुरता तरुण म्हणून शेहेचाळिशीचा मी, असे चौघे गेली चार वर्षे दर दिवाळीनंतर दापोली तालुक्याचा किनारा तुकड्यातुकड्यांनी चालत आलो आहोत. पहिल्या वर्षी आत्याच्या मुलाने पुण्याहून फोन केला. "आई, या वयात हे कशाला?" आत्या म्हणाली, "अरे, मागच्या वयात तुझी शाळा होती." त्यावर त्याला उत्तर सुचले नाही, आणि आम्ही निघालो.

या चार वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. डोंगर चढायला गुडघे लागतात. समुद्रकाठाने चालायला थांबता यावे लागते. भरतीसाठी थांबा, होडीसाठी थांबा, ऊन कलण्यासाठी थांबा. विशीतल्या माणसाला हे जमत नाही आणि चाळिशीतल्याला सवड नसते. साठीनंतर मात्र माणूस या विद्येत आपोआप पदवीधर झालेला असतो.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्रसुद्धा रोज सरासरी तेवढाच उशिरा उगवतो. हा सगळा हिशेब आपल्या दर्यावर्दी लोकांनी एका वाक्यात बसवला आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

उदाहरणार्थ चतुर्थी घ्या. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास अलीकडे, सकाळी नवाला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. हा ठोकताळा आहे. गावागणिक वेळ तासभर इकडेतिकडे होते. म्हणून मुक्कामाच्या गावी पोहोचताच एखाद्या कोळ्याला विचारून घ्यावे. पण बेत आखण्यापुरते भिंतीवरचे पंचांग पुरेसे होते.

पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास पाणी खूप वर चढते आणि खूप खाली उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते ना फार चढते, ना फार उतरते, तो भांग. चालणाऱ्याने हे ध्यानात ठेवायचे कारण पायाखालची वाळू. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालताना सपाट रस्त्याच्या दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते, असे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. तेच पाणी नुकते उतरलेल्या ओल्या, दबलेल्या पुळणीवर पाऊल रुतत नाही आणि गुडघ्याला धक्काही बसत नाही. भरतीच्या वेळी चालायला उरते ती वरची उतरती पट्टी. तिथे एक पाय सतत खाली आणि एक वर राहतो, आणि मैलभरात कंबर बोलू लागते. तेव्हा दुखऱ्या सांध्यांच्या माणसाने आधी तिथी पाहावी, मग पिशवी भरावी.

दिवाळी तर यासाठी जणू मुद्दाम नेमलेली आहे. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. दोन दिवस फराळ संपवण्यात घालवले की चतुर्थी येते. म्हणजे सकाळी सातपासून दहा-साडेदहापर्यंत रुंद, ओली, घट्ट पुळण आणि कोवळे ऊन.

कर्द्यापासून वेळासपर्यंत

महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा. सगळा चालायचा हट्ट कोणी धरू नये. आम्ही निवडलेला टापू कर्द्यापासून उत्तरेला बाणकोटच्या खाडीपर्यंतचा आहे, आणि रोज दीडदोन कोसांहून अधिक चालायचे नाही, असा आमचा नेम आहे.

कर्दे आणि मुरुड या गावांची पुळण लांब, सपाट आणि नवशिक्यांना सोयीची. एका बाजूला सुरूची झाडे, दुसरीकडे समुद्र. वाळूवर मोटारी हाकणारे शहाणेही इथे भेटतात. भरतीत त्यांच्या मोटारी रुतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. पंचांग न पाहणाऱ्यांना एवढी शिक्षा पुरे. पुढे हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि काठावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला असे त्याचे तीन पहारेकरी. आंग्र्यांच्या आरमाराच्या इतिहासात गाजलेला हा जलदुर्ग १७५५ साली पेशव्यांसाठी इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने जिंकला. दिवस कलताना हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव चालतो. टोपल्यांच्या गराड्यात उभ्या राहून बोली लावणाऱ्या बायकांत साठीच्या पुढच्या कितीतरी असतात. त्यांना "या वयात?" असे विचारण्याची छाती कोणाची व्हायची नाही.

हर्णैच्या उत्तरेला जोग नदीची खाडी, आणि पलीकडे अंजर्ले. कड्यावरचा गणपती म्हणून प्रसिद्ध असलेले देऊळ टेकडीवर आहे. तेथून खाली नारळीच्या शेंड्यांवरून समुद्र दिसतो. पुढे आडे, मग केळशी. केळशीला भारजा नदीची खाडी आडवी येते. होडी मिळाली तर दहा मिनिटांचे काम, नाही तर मोटारीने भलामोठा वळसा. त्यापलीकडे मंडणगड तालुक्यातले वेळास, नाना फडणिसांच्या घराण्याचे गाव. आता त्याची ख्याती कासवांसाठी आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या साहाय्याने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. थंडीत माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि मागे न पाहता समुद्रात परततात. सुमारे पन्नास दिवसांनी पिले निघतात. फाल्गुन-चैत्रात ती समुद्राकडे जाताना पाहायला लोक पहाटे काठावर बसतात. तिथेही काम एकच, थांबणे.

दोन पुळणींच्या मध्ये बहुधा एक कातळी टोक समुद्रात घुसलेले असते, आणि सारी परीक्षा तिथे असते. सुकतीला त्याच्या पायथ्याने वळसा घालता येतो. पण शेवाळ निसरडे, आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या. अंजर्ल्याच्या पुढे अशाच एका टोकाशी आम्ही पोहोचलो, तेव्हा पाणी फिरण्याच्या बेतात होते. आतोबांनी काठीने ओल्या वाळूत रेघ ओढली आणि वर, सुरूच्या सावलीत, जाऊन बसले. दहा मिनिटांत तीन लाटा रेघ ओलांडून गेल्या. "आज इथून नाही. वरच्या पाखाडीने जायचं," ते म्हणाले. तेवढ्यात कॉलेजातली चार मुले मागून आली. "आजोबा, चला की! पाच मिनिटांचा रस्ता आहे!" आतोबा म्हणाले, "पाणी चढतंय रे बाळांनो. जाऊ नका." ती हसत हसत गेली.

पाऊण तासाने ती कमरेएवढ्या पाण्यातून, एकमेकांचे हात धरून परत आली. दोघांचे फोन भिजले होते आणि एकाची पोटरी कालवांनी वीतभर कापली होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते. आत्याने पिण्याच्या पाण्याने जखम धुतली, पिशवीतला पंचा फाडून घट्ट बांधला आणि फराळाच्या डब्यातला बेसनाचा लाडू त्याच्या हातात ठेवला. उपदेश कोणीच केला नाही. फक्त निघताना तो मुलगा वाकून त्या रेघेची जागा शोधू लागला. तिथे आता गुडघाभर पाणी होते.

याच वाळूतून चाललेली माणसे

मुरुडला आम्ही दोन दिवस राहतो, आणि त्याचे एक कारण वाङ्मयीन आहे. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म याच तालुक्यातल्या मुर्डीचा, १९१३ सालचा. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'गारंबीचा बापू'ची भूमी हीच. दुसरे कारण महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचे बालपण मुरुडला गेले. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते परीक्षेसाठी भर पावसात घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले. शंभरांवर मैलांची ही चाल संपवून पोहोचल्यावर, 'वय लहान दिसते' म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही! त्याच कर्व्यांनी १९२९ साली, सत्तरी पूर्ण झाल्यावर, युरोप, अमेरिका आणि जपानचा प्रवास केला, परत आल्यावर वर्ष उलटायच्या आत आफ्रिकेची वाट धरली, आणि १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. एकदा वय कमी म्हणून अडवले गेलेल्या या माणसाने पुढे वय जास्त म्हणून स्वतःला कधी अडवले नाही.

पण वयाचा खरा धडा मला एका वाडीत मिळाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि अनेक गावांतल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात भुईसपाट झाल्या. पिढ्यांची लावणी गेली. मुलगे मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसे, असे चित्र तिथे घरोघर आहे. अशाच एका घरी आम्ही ताक प्यायला थांबलो होतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे बागायतदार पडलेल्या माडांच्या जागी रोपे लावत होते. आतोबांनी विचारले, "ही कधी धरतील?"

"बाणवलीला सहा-सात वर्षं लागतात."

आतोबा गप्प राहिले. त्यांच्या मनातला हिशेब ओळखून ते गृहस्थच म्हणाले, "एक्याऐंशीचा होईन तेव्हा. पाडायला गडी बोलवावा लागेल, एवढंच."

आम्ही चार दिवस वाळू तुडवतो त्याला साहस म्हणायचे, तर याला काय म्हणावे? समुद्रकाठ केवळ देखावा म्हणून पाहायचा नसतो, हे मी त्या अंगणात शिकलो.

निघणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आधी डॉक्टरांना विचारा आणि रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन ठिकाणी बांधून घ्या. एकट्याने निघू नका. हातात काठी हवी; खाडीच्या तोंडाशी वाळू फसवी असते, पाऊल टाकण्यापूर्वी ती काठीने चाचपावी. खाडीच्या मुखाशी आणि ओहोटीच्या ओढीत पोहायला उतरू नये, मग तारुण्यात कितीही विहिरी गाजवलेल्या असोत. अनवाणी चालण्याची हौस पुळणीवर भागवा, कातळावर जोडे घाला. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र अनवाणी चालूच नये. पाणी मागाल त्या घरी मिळेल, पण दोन घटका बसून बोलण्याइतकी सवड ठेवा. तिथल्या वडीलधाऱ्यांना पाहुण्यांच्या पैशापेक्षा पाहुण्यांच्या गप्पांची वाण अधिक आहे.

रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग आणि खाड्यांवर मोठे पूल बांधण्याची योजना हाती घेतलेली आहे. रात्रीबेरात्री ज्याला दवाखाना गाठायचा आहे त्याला पूल हवाच. त्यावर हळहळणे शहरी माणसाला शोभत नाही. मात्र धक्क्यावर बसून होडीची वाट पाहण्याचे सुख ज्याला घ्यायचे असेल, त्याने फार वर्षे थांबू नये. थांबण्याची कला अंगी आहे म्हणून निघणेच पुढे ढकलू नये.

पुळणीच्या वरच्या कडेला, जिथे भरतीचे पाणी सहसा पोहोचत नाही, तिथे जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसेल. तिचे नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा ती दाखवते, आणि वाळू धरून ठेवते. दमलात की तिच्या वरच्या अंगाला बसा. तिथून समुद्र चांगला दिसतो. आणि पाणी उतरले की उठा.