कार्यप्रणालीच्या कर्नेलमधील वीज व कार्यक्षमता व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना : २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. किन्हवली, मुरबाड यांसारख्या ठिकाणी वीज गेल्यावर प्रात्यक्षिक पूर्ण होईल की नाही, हे यूपीएसच्या बॅटरीवर अवलंबून असते. ती बॅटरी किती टिकेल, हे काही अंशी कर्नेल, म्हणजेच कार्यप्रणालीचा गाभा, ठरवीत असतो.

उपकरणांच्या अवस्था : कर्नेलपुढे दोन स्वतंत्र प्रश्न असतात : उपकरण चालू ठेवावे काय, आणि ठेवल्यास किती वेगाने. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एसीपीआय मानकात पहिल्या प्रश्नासाठी डी-० (पूर्ण चालू) ते डी-३ (बंद) अशा अवस्था आहेत. लिनक्सच्या २.६.३२ या आवृत्तीपासून (२००९) प्रत्येक उपकरणाच्या वापराची मोजणी ठेवली जाते. ती शून्यावर आल्यावरच उपकरण निद्रावस्थेत जाऊ शकते. सामान्यतः यूएसबी नियंत्रक त्याला जोडलेली उपकरणे निजल्यावरच निजतो. जसे शेवटचा विद्यार्थी बाहेर पडल्याखेरीज प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद करता येत नाही. त्यामुळे एखाद्या ड्रायव्हरने मोजणी कमी करण्यात चूक केल्यास संपूर्ण साखळी जागी राहते.

वेग व व्होल्टता : चालू परिपथाची गतिक शक्ती व्होल्टतेचा वर्ग व वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोन्ही १० टक्क्यांनी घटविल्यास शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते; मात्र काम लांबल्यामुळे ऊर्जेची बचत १९ टक्केच होते. वेग वाढविताना आधी व्होल्टता व मग वारंवारता वाढवावी लागते. घटविताना क्रम उलट असतो. हा क्रम चुकल्यास परिपथ अपुऱ्या व्होल्टतेवर चालून चुकीची फले देऊ शकतो.

व्होल्टता न घटविता केवळ वेग कमी केल्यास गतिक ऊर्जेची बचत होत नाही; उलट काम लांबते आणि तितका वेळ उर्वरित यंत्रणा वीज खात राहते. अशा वेळी काम त्वरेने संपवून निद्रावस्थेत जाणेच हितकारक ठरते.

निष्कर्ष : ‘मंद म्हणजे काटकसरी’ हा समज सदैव खरा नसतो. ‘परफॉर्मन्स’ व ‘पॉवरसेव्ह’ या दोन्ही मांडण्यांत एकच काम चालवून, लागलेला वेळ व वॉटमापकावरील ऊर्जा विद्यार्थ्यांकडून नोंदवून घ्यावी. आपल्या प्रयोगशाळेसाठी कोणती मांडणी योग्य, याचा निर्णय त्या नोंदींवरूनच व्हावा.